धुआंधारचा गडगडाट जातो कुठे?

नागपूरहून सिवनी, लखनादौन करत जबलपूरला पोहोचलेले कुटुंब दुसऱ्या दिवशी सकाळी भेडाघाट गाठते आणि आधी धुआंधार पाहते. नर्मदा तिथे कड्यावरून कोसळते. तुषारांचा धूर उठतो, चष्म्याच्या काचा ओल्या होतात, शेजारच्या माणसाशी बोलायचे तर कानाशी तोंड न्यावे लागते. आजी हात जोडते, नातवंडे कठड्यावरून ओणवतात, आई त्यांचे दंड घट्ट धरून ठेवते.

मग सगळे पंचवटी घाटावर येतात. नाव सुटते, संगमरवराचे पांढरे कडे दोन्ही बाजूंनी वर चढू लागतात, आणि पाणी बघावे तर तळ्यासारखे. त्यावर पडलेले वाळके पान इतक्या सावकाश सरकते की ते हलतेय हे कळायला थोडा वेळ जातो. नावेतले कुणीतरी लहान पोर हमखास विचारते, ‘‘आजोबा, हे तेच पाणी आहे?’’

तेच आहे. वर धबधब्यात आणि खाली घळीत दर सेकंदाला तेवढेच पाणी वाहते. मधे कुठे मुरत नाही, साठत नाही. तरीही वर धिंगाणा आणि खाली शांतता. शिवाय नेहमीचा अनुभव तर याच्या उलट असतो. बागेत पाणी घालताना नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी जोरात उडते. वाट अरुंद झाली की वेग वाढायला हवा. भेडाघाटला वाट अरुंद होते आणि पाणी मंदावते. हे कसे?

नव्वद मीटरची नदी अठरा मीटरच्या गल्लीत

धुआंधारच्या वर नर्मदेचे पात्र सुमारे ९० मीटर रुंद आहे. संगमरवरी घळीत ते काही ठिकाणी जेमतेम १८ मीटर उरते, म्हणजे एक पंचमांश. रुंदी पाचपट घटली की वेग पाचपट वाढेल असे वाटते, पण या हिशेबात एक गोष्ट सुटलेली असते: खोली.

नदीतून दर सेकंदाला किती पाणी जाते ते तीन गोष्टींच्या गुणाकारातून निघते. रुंदी, खोली आणि वेग. गुणाकार तोच राहायचा असेल, तर एक कमी झाली की दुसरी वाढावी लागते. वर पाणी सरासरी २ मीटर खोल आहे असे समजा. घळीत ते १० मीटर खोल असेल तर रुंदीची तूट खोलीने भरून निघाली, वेग होता तेवढाच राहिला. २० मीटर खोल असेल तर वेग उलट निम्म्यावर आला. हे खोलीचे आकडे फक्त हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत, पण भेडाघाटला घडते ते हेच. नदी आडवी होती, ती घळीत उभी झाली आहे.

अंगठ्याच्या नळीत हे होत नाही, कारण अंगठा पाण्याला वर-खाली कुठेच जागा ठेवत नाही. घळीला मात्र तळाकडे भरपूर जागा आहे. जुनी माणसे डोहाची खोली पुरुषांत मोजत, एक पुरुष म्हणजे हात वर करून उभ्या माणसाची उंची. इथे कित्येक पुरुष पाणी आहे. म्हणून वरचा कागदासारखा गुळगुळीत पृष्ठभाग पाहून नावेबाहेर पाय सोडायचा मोह कुणी धरू नये. शांत दिसणारे हे पाणी वरच्या खळखळाटापेक्षा जास्त खोल आहे, आणि ते शांत आहे ते याच कारणाने.

पडण्याचा जोर गेला कुठे?

एवढ्या जोराने पडलेले पाणी खाली येऊन थंडावते कसे, ही अर्धी शंका अजून उरतेच.

ताक घुसळताना रवी किती जोरात फिरते, तरी ती थांबली की ताक काही क्षणांत निवते. हाताचा जोर ताकाच्या कणांच्या आपसातल्या घासाघाशीत संपतो. धबधब्याच्या पायथ्याशीही असेच चालते. खाली आदळलेले पाणी पुढे धावण्याऐवजी स्वतःभोवती गरगरते, हवा गिळून फेसाळते, मोठ्या भोवऱ्यातून लहान भोवरे आणि लहानातून आणखी लहान असे मोडत जाते. शेवटी तो सारा जोर उष्णता होतो. जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात भांड्यातले पाणी पंख्यांनी घुसळून ते तापते हे मोजून दाखवले. ही उष्णता हाताला कळणारी नाही. १० मीटरवरून पडलेले पाणी एका अंशाच्या चाळिसाव्या भागाहूनही कमी तापते. पण नदीला शांत करायला तेवढे पुरते. धरणे बांधणारे इंजिनिअर सांडव्याच्या पायथ्याशी मुद्दाम अशी घुसळण घडवतात, नाहीतर पडणारे पाणी धरणाचाच पाया उकरून काढील.

आवाजही असाच वाटेत विरतो. घळ वळणे घेत जाते आणि कडे मधे भिंतीसारखे उभे राहतात. तुषारांचा बारीक सळसळाट पहिल्याच वळणाशी अडतो. जाड, घुमणारा आवाज वळसा घेऊन थोडा पुढे येतो, मग तोही क्षीण होतो.

घळ कोरली कोणी?

संगमरवर हा मुळात चुन्याच्या जातीचा दगड. अतिप्राचीन उथळ समुद्राच्या तळाशी थर साचले, जमिनीखालच्या उष्णतेने आणि दाबाने ते भाजले-दाबले गेले आणि त्यांचे स्फटिक झाले. भेडाघाटच्या दगडात मॅग्नेशियमही भरपूर आहे, त्याला डोलोमाइटी संगमरवर म्हणतात. त्याचे वय दीडशे कोटी वर्षांहून अधिक आहे. शुद्ध असेल तिथे तो पांढरा, इतर खनिजांच्या अंशाने कुठे गुलाबी, कुठे पिवळट, कुठे निळसर. चांदण्या रात्री कडे उजळलेले दिसतात ते या स्फटिकांच्या असंख्य बारीक पैलूंमुळे. मधूनच जे काळे पट्टे दिसतात, ते नंतर भेगांत घुसून थिजलेल्या लाव्हारसाचे.

धबधबा मात्र एका जागी बसून राहत नाही. पडणारे पाणी आणि त्यातले दगडगोटे पायथा पोखरतात, वरचा भाग आधार सुटून ढासळतो, आणि कडा एक पाऊल मागे सरतो. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात निघोजला कुकडी नदीतले रांजणखळगे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना पाण्यात फिरणारा गोटा खडकाला कसा कोरतो हे वेगळे सांगायला नको. मागे मागे सरत गेलेला धबधबा आपल्यापुढे जी खोल चर ठेवून जातो, ती घळ. खडकातल्या जुन्या भेगा तिला वाट दाखवतात.

आणि नर्मदेच्या खोऱ्यात भेगांना तोटा नाही. ही नदी भूपृष्ठातल्या एका जुन्या, कमकुवत पट्ट्याच्या कडेने वाहते. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूरला हादरवणारा ५.८ तीव्रतेचा भूकंप याच पट्ट्यातला होता. जवळच्या लम्हेटाघाटचे नाव तर भूशास्त्रात थेट एका खडकसमूहाला मिळाले आहे. त्याच थरांतून जबलपूरजवळ १८२८ मध्ये विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याला मोठाली हाडे सापडली. डायनोसॉर हा शब्दसुद्धा तेव्हा जन्मला नव्हता. भेडाघाट आणि लम्हेटाघाट हे दोन्ही मिळून २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेले.

नरसाळे तुंबले की धबधबा बुडतो

भेडाघाटचे सर्वांत नवलाचे दृश्य पर्यटकांना सहसा दिसत नाही. भर पावसाळ्यात मोठा पूर आला की धुआंधार नाहीसा होतो.

बाटलीत तेल ओतताना नरसाळ्यात बारीक धार धरली तर तेल आल्या वेगाने खाली जाते. धार मोठी झाली की निमुळत्या नळीला ते पेलत नाही, तेल नरसाळ्यात साचून वर चढू लागते. घळ ही ती नळी. पुराचे पाणी १८ मीटरच्या वाटेने निघून जाऊ शकत नाही, म्हणून घळीतली पातळी भराभर वाढते. वाढता वाढता ती धबधब्याच्या माथ्याला येऊन भिडते. वरचे पाणी आणि खालचे पाणी एक होते, मधली पायरीच बुडते. तिथे मग नुसता मातकट, सुसाट लोंढा. उन्हाळ्यात शांत असलेली घळ तेव्हा सगळ्यांत भयंकर असते. पावसाळ्यात इथली नावेची फेरी बंद ठेवतात ती यासाठीच.

वरच्या बाजूला बरगीचे धरण आहे, राणी अवंतीबाई लोधी सागर. ते झाल्यापासून भेडाघाटचे पाणी आभाळाइतकेच धरणाच्या दरवाजांवरही अवलंबून असते. इथे ऊन असले तरी वरून पाणी सोडले की पातळी चढते. घळीच्या भिंतीकडे नीट पाहिले तर पुराची रेघ दिसते. तिच्याखालचा दगड धुऊन गुळगुळीत झालेला, वरचा खरबरीत आणि डागाळलेला. नावेत बसून मान वर करून ती रेघ शोधावी. आपण नदीच्या पोटात बसलो आहोत हे ती पाहिल्यावरच खरे वाटते.

नावाडी धार कशी वाचतो

पंचवटी घाटावरच्या नावा लाकडी, रुंद आणि सपाट बुडाच्या. वल्हे काठाला दोराच्या वेढ्यात अडकवलेले असते. लोखंडी कडी गंजते, दोर झिजला की बदलता येतो, आणि तो थोडा ढिला असल्याने वल्हे हवे तसे वळते. नावाड्याच्या मुठीकडून वल्हे वीतभर हलते तेव्हा पाण्याकडचे पाते हातभर फिरते. पाते पाण्यात उभे शिरते, मागे रेटते, बाहेर निघताना आडवे होते म्हणजे वारा कापते. हे मनगट वळवणे इतके सहज होते की पाहणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. एकदा ध्यानात आले की त्यावरून नजर हटत नाही.

घळीत शिरताना नाव धारेच्या विरुद्ध जाते. अशा वेळी जाणता नावाडी मधून जात नाही, कड्याच्या जवळून जातो. कारण साधे आहे. खडकाला घासून जाणारे पाणी अडखळते आणि मागे राहते. सर्वांत वेगवान पाणी मध्यभागी, पृष्ठभागाच्या किंचित खाली असते. गर्दीच्या बाजारपेठेत दुकानांच्या कडेने लोक थांबत-थांबत चालतात आणि रस्त्याच्या मधून घाईचे लोक निघून जातात, तसेच. वळणावर धार बाहेरच्या काठाकडे ढकलली जाते, म्हणून तिथे तो आतला काठ धरतो.

सर्वांत सुंदर युक्ती सुळक्यामागची. कडा जिथे पुढे आलेला असतो, त्याच्या पाठीमागे पाण्याला पोकळी सापडते आणि ते उलटे, वरच्या दिशेने फिरू लागते. फेसाचा ठिपका तिथे मागे मागे जाताना दिसतो. नावाडी नावेचे नाक त्या उलट्या पाण्यात घालतो, दोन श्वास वल्ही सोडतो, आणि नाव आपणहून पुढे सरकते. जी नदी त्याला अडवते, तिच्याकडूनच तो घडीभर ढकलून घेतो. पाठ्यपुस्तक न उघडता शिकलेले हे प्रवाहशास्त्र आहे, आणि त्याला तेवढाच मान द्यायला हवा.

माणसे कुठे बसवायची हेही तो बघतो. वजनदार मंडळी मधे, खाली, पोरे त्यांच्यात. उभे राहू नका असे तो दटावून सांगतो. पाण्यावर तांब्या सोडला तर रिकामा लगेच कलंडतो, तळाशी थोडी वाळू घातली की सरळ तरंगतो. वजन जितके खाली तितकी नाव स्थिर. फोटो काढायला एक जण उठला की तांब्यातली वाळू तळातून गळ्याशी आल्यासारखे होते. जीवरक्षक जॅकेट उकाड्यात नकोसे वाटते, पण इथल्या खोलीचा हिशेब वर मांडलाच आहे. जॅकेट घालावे, त्याचे पट्टे बांधावेत आणि मुलांचे आपण स्वतः तपासावेत.

चौकट : नावेत बसल्यावर पाहण्याजोगे

पाण्यावरचे पान किंवा फेसाचा ठिपका नजरेत धरा. मधला आणि कडेचा यांच्या वेगात फरक दिसेल.
सुळक्यामागे ठिपका उलटा फिरतो का ते मुलांना शोधू द्या.
भिंतीवरची पुराची रेघ नावेपासून किती उंच आहे त्याचा अंदाज बांधा.
नावाड्याला विचारून टाळी वाजवा. प्रतिध्वनी वेगळा ऐकू येण्यासाठी कडा किमान १७ मीटर दूर हवा. १८ मीटरच्या गल्लीत मधोमध असताना तो ९ मीटरवरच असतो, म्हणून आवाज फक्त भरदार होतो. घळ जिथे रुंदावते तिथे टाळी परत येते.

तुकबंदीतला नकाशा

भेडाघाटच्या नावेत बसलेल्या कुणालाही आठवते ती नावाड्याची तुकबंदी. वल्ह्याच्या ठेक्यावर तो यमके जुळवत हिंदीत बोलत जातो. या कड्यात हत्तीचे तोंड पाहा, त्या कपारीत गाडी पाहा, इथे अमक्या सिनेमाचे चित्रीकरण झाले. राज कपूर आणि पद्मिनी यांचा १९६० चा ‘जिस देश में गंगा बहती है’ या यादीत असतोच. बंदरकूदनीपाशी तो सांगतो की एके काळी कडे इतके जवळ होते की माकडे या काठावरून त्या काठावर उडी मारत. भूलभुलैयापाशी पुढची वाट बंद झाल्यासारखी दिसते, तेव्हा तो वल्ही थांबवतो आणि विचारतो, आता नाव कुठून न्यायची? पोरे बोटे दाखवतात. वळण आले की वाट उघडते.

ही सगळी करमणूक आहे, आणि तिच्या पोटात आणखी काही आहे. केवट, ढीमर, बर्मन अशा नावांनी ओळखल्या जाणाऱ्या काठावरच्या घरांत हे काम बापाकडून मुलाकडे येत राहिले. पोरगा आधी नावेत नुसता बसतो, मग पाणी उपसतो, मग एक वल्हे धरतो. तोवर त्याने ती यमके शेकडो वेळा ऐकलेली असतात. यमक म्हणजे स्मरणाची खुंटी. पाढे आपण चालीत पाठ करतो ते त्यासाठीच. कोणत्या कड्यानंतर कोणते वळण, कुठे थांबायचे, कुठे आवाज खाली घ्यायचा, हा सारा क्रम त्या चालीत ओवलेला असतो. ऐकणाऱ्याला ती हत्ती-घोड्यांची गंमत वाटते. शिकणाऱ्या पोराला तो वाटेचा नकाशा आहे.

आवाज खाली घ्यायचा, कारण कड्यांना आग्या मोहोळे लटकलेली असतात. त्यांतल्या एका माशीने डंख मारला की एक वास सुटतो, आणि तो वास बाकीच्यांना ‘इथेच मारा’ असे सांगतो. धूर किंवा फटाके त्यांना चेतवू शकतात. जेम्स फोर्सिथ या अधिकाऱ्याच्या १८७१ च्या मध्य भारतावरील पुस्तकात याच घळीतला प्रसंग आहे. रेल्वेसाठी पाहणी करायला आलेल्या दोन इंजिनिअरांवर मधमाश्या तुटून पडल्या आणि त्यातला एक जण पाण्यात बुडून मेला. पाण्यात बुडी मारून सुटका होत नाही, कारण श्वास घ्यायला डोके वर आले की त्या तिथेच घोंघावत असतात.

दुसऱ्या पाण्यावर

नदीवरची कौटुंबिक यात्रा जगात अनेक ठिकाणी रुजली आहे. कॅनडात ऑन्टारिओतले अल्गॉन्क्विन उद्यान १८९३ पासून आहे. तिथे आजी-आजोबा, आई-वडील आणि मुले निमुळत्या हलक्या होड्यांतून तळ्यामागून तळी ओलांडतात. दोन तळ्यांमधली जमीन आली की होडी उलटी करून खांद्यावर घेतात. अशी होडी भूर्जाच्या सालीची बांधण्याची विद्या तिथल्या मूळच्या आदिवासींची. होडीत मागे बसणारा दिशा सांभाळतो, पुढचा जोर लावतो आणि दगड दिसला की ओरडतो. म्हणून जाणता माणूस मागे आणि पोर पुढे. तेही खडकामागच्या उलट्या पाण्यात होडी घालूनच दम खातात. पाणी सगळीकडे एकाच नियमाने वागते.

नर्मदेची थोर यात्रा, परिक्रमा, मात्र पायी आहे. जबलपूरचे चित्रकार-लेखक अमृतलाल वेगड १९७७ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, या नदीच्या काठाने चालू लागले. पुढे पंचाहत्तरीच्या सुमारास पुन्हा निघाले तेव्हा पत्नी कांताही बरोबर चालल्या. त्यांची पुस्तके अनुवादातून मराठी घरांतही पोहोचली आहेत. परिक्रमेचा नियम असा की नदी उजव्या हाताला ठेवायची आणि ती ओलांडायची नाही. म्हणून भेडाघाटला परिक्रमावासी कड्यावरूनच पाहतो. खालच्या नावेत तो बसत नाही.

त्याची नाव एकदाच येते, नदी संपते तिथे. दक्षिण काठाच्या विमलेश्वरहून उत्तरेच्या मिठी तलाईला तो खाडीच्या मुखातून जातो. वेळ ठरवते ती भरती. ओहोटीत तिथे मैलोगणती चिखल उघडा पडतो, नाव रुतते. म्हणून कधी मध्यरात्री, कधी पहाटे, पाणी चढेल तेव्हा हाक येते आणि झोपलेली माणसे बोचकी सावरत उठतात. म्हाताऱ्यांना दोन्ही बाजूंनी धरून फळीवरून चढवतात. अमरकंटकपासून १३१२ किलोमीटर आलेली नदी तिथे समुद्राशी भिडलेली असते आणि नावेला धक्के बसत असतात.

भेडाघाटला परतीचा प्रवास याहून सोपा. घळीच्या आतून नाव वळते तेव्हा नावाडी कडा सोडून देतो आणि मधल्या धारेत येतो, जाताना ज्या धारेला तो टाळत होता तिच्यात. तुकबंदी थांबलेली असते. वल्ही नुसती पाण्याला टेकवलेली, दिशेपुरती. मघाशी प्रश्न विचारणारे पोर नावेच्या काठावर हनुवटी ठेवून फेसाचा एक ठिपका पाहत असते. ठिपका आणि नाव एकाच वेगाने चाललेले असतात, त्यामुळे तो जागचा हलत नाही. हलत असतात ते कडे.